कॉटर पिन: एक नाव, दोन जाती, आणि मागच्या चाकातलं रिकामं भोक

लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून ज्यांचा भाग अर्धवट ऐकून राहिला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. रेकॉर्डिंगमध्ये मी बरेचदा "हे बघा, असं" म्हणत हातवारे करत होतो. ते ऐकणाऱ्यांना दिसणार कसे! म्हणून तेवढा भाग इथे जरा खुलासेवार लिहिलाय.

प्रश्न कुठून आला

लालबागच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. हा मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो आणि संध्याकाळी बाईकवर डिलिव्हरीची कामं घेतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, कॉलेजात सरांनी कॉटर जॉइंट शिकवला. त्यात कॉटर म्हणजे एक चपटी पाचर. परवा मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्यानं चाक काढलं, परत लावलं आणि म्हणाला, कॉटर पिन तुटली, पण तिच्याशिवाय पण चालतं. मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन कॉटर पिन मागितली, तर त्यानं केसांच्या पिनेसारखी दुमडलेली तार हातात ठेवली. यातली खरी कॉटर पिन कुठली? आणि तिच्याशिवाय खरंच चालतं का?"

दोन्ही प्रश्न भारी आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो: नाही, चालत नाही. का चालत नाही, ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात दडलंय.

हमाल आणि वॉचमन

"कॉटर" या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू फिरतात. ब्रिटिश पद्धतीच्या इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे आपल्या अभ्यासक्रमात, कॉटर म्हणजे पाचर. दोन दांडे एकमेकांना जोडायचे, आणि त्यांच्यावरचा सगळा ताण त्या पाचरीनं अंगावर घ्यायचा. अमेरिकेत मात्र दुमडलेल्या तारेच्या पिनेलाच कॉटर पिन म्हणतात. आपण तिला स्प्लिट पिन म्हणतो. ऑनलाइन दुकानांमुळे आणि यूट्यूबच्या व्हिडिओंमुळे अमेरिकी नाव आपल्याकडेही रुळलं, आणि घोळ सुरू झाला.

लक्षात ठेवायला सोपं करून सांगतो. पाचर-कॉटर हा हमाल आहे. ओझं त्याच्या डोक्यावर. स्प्लिट पिन ही वॉचमन आहे. ती ओझं उचलत नाही, नट किंवा पिन जागा सोडून पळत नाही ना, एवढंच बघते. वॉचमनला पोतं उचलायला लावलं तर तो मोडणार. आणि वॉचमन दिवसभर नुसता बसून असतो म्हणून त्याला काढून टाकलं, तर चोरी व्हायची ती रात्री होणार.

हमाल: पाचरीचा कॉटर

पाचर आपल्याला नवी नाही. हातोडीचा दांडा ढिला झाला की त्याच्या डोक्यात लाकडाची चकती ठोकतात, ती पाचर. लहानपणी माकडाची गोष्ट ऐकली असेल. अर्धवट कापलेल्या ओंडक्यात सुतारानं पाचर मारून ठेवली होती. माकडानं ती उपटली, ओंडका मिटला आणि माकड अडकलं. पाचरीत किती जोर साठलेला असतो, ते त्या गोष्टीत बरोबर सांगितलंय.

मशीनमधला कॉटर म्हणजे लोखंडाची चपटी पट्टी, एका बाजूला किंचित निमुळती. किती निमुळती? पुस्तकात साधारण १:२४ ते १:४८ असा उतार देतात. म्हणजे २४ मिलिमीटर लांबीमागे रुंदी फक्त १ मिलिमीटरनं कमी होते. नुसत्या डोळ्यांना तो उतार धड दिसतही नाही. पण खरी मेख तिथेच आहे. १:२४ म्हणजे सुमारे अडीच अंशांचा कोन. लोखंडावर ठेवलेलं कोरडं लोखंड स्वतःहून घसरायला साधारण आठ-दहा अंशांचा उतार लागतो. कॉटरचा उतार त्यापेक्षा कितीतरी कमी. म्हणून एकदा ठोकून बसवलेला कॉटर घर्षणानंच जागच्या जागी राहतो. उतार जास्त दिला असता, तर ओढ बसताच तो बाहेर सटकला असता.

आता डिप्लोमावाल्यांच्या आवडीचं, किंवा नावडीचं, ड्रॉइंग: सॉकेट आणि स्पिगॉट. एका दांड्याचं टोक पोकळ, ते सॉकेट. दुसऱ्याचं टोक त्यात शिरतं, ते स्पिगॉट. दोघांना आडवी चीर, आणि त्या चिरेतून कॉटर आरपार. गंमत अशी की दोन्ही चिरा मुद्दामच तंतोतंत समोरासमोर ठेवत नाहीत, किंचित पुढे-मागे ठेवतात. त्यामुळे कॉटर ठोकत जाल तसे दोन्ही दांडे एकमेकांत घट्ट ओढले जातात. परीक्षेत चिरांमधली ही फट दाखवायची राहिली की मार्क जातात, ते याच कारणानं. ती फट नसेल तर जोड आवळला जाणारच नाही.

हा जोड दांड्याच्या लांबीच्या दिशेनं येणारी ओढ आणि दाब सहन करतो. पिळासाठी तो नाही. पुलीला शाफ्टवर फिरतं ठेवणारी जी पट्टी असते, तिला आपल्या वर्कशॉपमध्ये चावी म्हणतात, ती वेगळी. चावी शाफ्टच्या लांबीला समांतर बसते, कॉटर आडवा बसतो. आणि कॉटर तुटायचाच झाला, तर त्याला एकाच वेळी दोन ठिकाणी कापलं जावं लागतं, कारण सॉकेटच्या दोन्ही भिंतींनी तो धरलेला असतो. इतकीशी पट्टी एवढा भार घेते, त्यामागे हेही एक कारण आहे.

याच जातीत आणखी दोन प्रकार. एक स्लीव्ह-कॉटर: दोन सारख्या दांड्यांवर बाहेरून एक नळी चढवायची आणि दोन कॉटर ठोकायचे. दुसरा गिब-कॉटर: चौकोनी दांड्यांसाठी किंवा यू आकाराच्या पट्ट्यासाठी. इथे नुसता कॉटर ठोकला तर पट्ट्याचे पाय फाकतात. म्हणून कॉटरच्या शेजारी आकड्यासारख्या टोकांची आणखी एक पट्टी घालतात, ती गिब. ती पाय धरून ठेवते.

गिरणगावात कॉटर कुठे होता

आज हे सगळं पुस्तकी वाटतं, पण आपल्याच भागात हे रोजच्या कामाचं होतं. कावसजी दावर यांची गिरणी ताडदेवला १८५६ साली सुरू झाली, ती वाफेवर. परळचं रेल्वे वर्कशॉप जीआयपी रेल्वेच्या काळातलं, १८७९ सालचं. वाफेचं इंजिन गिरणीचं असो की रेल्वेचं, त्यात पिस्टनचा दांडा पुढे-मागे हलतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याला एकदा ढकललं जातं आणि एकदा ओढलं जातं. हा दांडा पुढच्या क्रॉसहेड नावाच्या भागाला जोडायला कॉटरच वापरत. आटे असलेला बोल्ट अशा उलटसुलट धक्क्यांनी हळूहळू ढिला होतो. पाचर बसून राहते, आणि दुरुस्तीच्या वेळी उलट्या बाजूनं ठोकली की निघते.

गिब-कॉटरचा आणखी एक उपयोग होता. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला पितळी बेअरिंग असे. ते झिजलं की आत ढिलाई यायची आणि इंजिन ठकठक करायचं. मग फिटर कॉटर थोडा आणखी आत ठोकायचा, की पितळाचे दोन्ही तुकडे पुन्हा जवळ यायचे. म्हणजे एकच वस्तू जोडही ठेवायची आणि झीजही भरून काढायची.

डबेवाल्यांच्या सायकलीतला कॉटर

वाफ गेली, पण पाचर-कॉटर अजून रस्त्यावर दिसतो. दादर किंवा लोअर परळ स्टेशनबाहेर डबेवाल्यांच्या सायकली उभ्या असतात ना, त्या जुन्या घाटाच्या काळ्या सायकली बघा. पायडलचा दांडा जिथे मधल्या आसाला मिळतो, तिथे आडवी घातलेली एक गोल पिन दिसेल. एका टोकाला छोटा नट. तो कॉटर. ही पिन गोल असली तरी तिची एक बाजू तिरकी घासून सपाट केलेली असते, आणि ती सपाट बाजू आसावरच्या खाचेत पाचरीसारखी बसते. इंग्रजी घाटाच्या सायकलींत ही पिन साडेनऊ मिलिमीटर जाडीची असते.

डब्यांनी लादलेली सायकल उभं राहून मारताना सगळा जोर या बोटाएवढ्या पिनेतून जातो. ती झिजली की प्रत्येक फेरीला पायाखाली "टक" असा झटका लागतो. बरेच जण तेव्हा छोटा नट आवळत बसतात. त्यानं काही होत नाही, उलट आटे जातात. नटाचं काम पिन पडू न देणं एवढंच. पाचर बसवायची ती हातोडीनं किंवा प्रेसनं, आणि दांड्याला खालून भक्कम टेकू देऊन. टेकू न देता ठोकलं तर मार बेअरिंगला बसतो. आणखी एक: दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेनं घालतात. एकाच दिशेनं घातले तर दोन्ही पायडल बरोबर समोरासमोर येत नाहीत.

नव्या गिअरच्या सायकलींमध्ये ही पिन नसते. त्यातल्या बऱ्याच सायकलींत आसाचं टोकच चौकोनी आणि निमुळतं करतात आणि दांडा त्यावर दाबून बसवतात. पिन गेली, पाचर तीच राहिली.

वॉचमन: स्प्लिट पिन

आता दुकानदारानं दिलेली ती दुमडलेली तार. तिची तार गोल नसते, अर्धगोल असते. दुमडल्यावर दोन अर्धगोल चिकटून एक गोल दांडी होते. एका टोकाला डोळा, दुसऱ्या टोकाला दोन पाय. एक पाय मुद्दाम थोडा लांब ठेवलेला असतो, म्हणजे पकडीनं धरून फाकवायला सोपं जातं.

खरेदी करताना एक गोष्ट माहीत हवी. स्प्लिट पिनेचा नंबर तिच्या जाडीचा नसतो, ती ज्या भोकात जायची त्या भोकाचा असतो. ३.२ मिलिमीटरची पिन म्हणजे ३.२च्या भोकासाठीची पिन. ती स्वतः त्याहून थोडी बारीक असते. म्हणून नागदेवी स्ट्रीटला किंवा घराजवळच्या दुकानात जाताना बोल्ट सोबत नेता आला तर न्या, नाहीतर भोक मोजून जा.

तिचा जोडीदार म्हणजे कॅसल नट. वरच्या बाजूला किल्ल्याच्या तटासारख्या सहा खाचा. बोल्टच्या टोकाला आरपार भोक. नट आवळला, खाच भोकासमोर आणली, पिन घातली, पाय फाकवले. आता गाडी कितीही हादरली तरी नट फिरू शकत नाही. आटे घट्ट धरतात ते ताणामुळे. सततच्या कंपनानं तो ताण कमी होतो आणि नट कणाकणानं सुटायला लागतो. ते सुटणं पिन पूर्ण थांबवत नाही, कारण खाचेत थोडी मोकळीक असते. पण नट गळून पडणं ती थांबवते. तेवढंच तिचं काम, आणि तेवढंच जीव वाचवायला पुरतं.

याच जातीचे भाऊबंद

आर-पिन: इंग्रजी आर अक्षरासारखी वळलेली स्प्रिंगची तार. हातानं काढता-घालता येते, पुन्हा वापरता येते. जिथे पिन वरचेवर काढावी लागते तिथे, उदाहरणार्थ ट्रॉलीच्या जोडाला.

लिंच पिन: जाड खिळी आणि तिला स्प्रिंगची कडी, कडी पलटली की पिन अडकते. ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडताना हीच लागते. हिची आजी म्हणजे चाक आसावरून निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला घालायची खीळ. युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निघाली आणि कैकेयीनं तिथे स्वतःचा हात घातला, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगतात. रामायण घडवणारे दोन वर त्या एका खिळीच्या जागेसाठी मिळाले, असंही म्हणता येईल.

क्लेव्हिस पिन: एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाला भोक असलेली गुळगुळीत पिन. बिजागरीसारख्या हलत्या जोडात ही हमाल असते, आणि तिच्या भोकातली स्प्लिट पिन वॉचमन. दोघांची जोडी एकत्र बघायची असेल तर हे उत्तम उदाहरण.

रेल्वेच्या डब्यांखाली आणि वाघिणींखाली अशा जोड्या भरपूर असतात. ब्रेकच्या दांड्या, हँगर, सगळं पिनांवर लटकलेलं, आणि त्या पिनांच्या टोकाला स्प्लिट पिन किंवा कॉटर. एखादी दांडी खाली लोंबली आणि रुळात अडकली तर गाडी घसरू शकते. म्हणून गाडी यार्डात येताना रेल्वेची माणसं दोन्ही बाजूंना उभी राहून खाली काही लोंबतंय का ते बघतात, आणि काही भागांखाली ते पडलेच तर अडकावेत म्हणून लोखंडी पट्टेही लावलेले असतात.

एक विमान, एक बोल्ट

"इतकीशी पिन नसली तर काय होणार?" याचं उत्तर १६ फेब्रुवारी २००० ला कॅलिफोर्नियात मिळालं. एमरी वर्ल्डवाइड कंपनीचं डीसी-८ मालवाहू विमान सॅक्रामेंटोजवळच्या मॅदर विमानतळावरून उडालं आणि थोड्याच वेळात परतताना कोसळलं. तिघेही कर्मचारी गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष असा: शेपटीतल्या एलेव्हेटरची छोटी झडप चालवणारा दांडा सुटला होता, कारण त्याचा बोल्ट नीट पक्का केला नव्हता आणि नीट तपासलाही नव्हता. अशा जागी खाचांचा नट आणि कॉटर पिन हीच पद्धत असते. विमानानं नाक वर केलं, आणि वैमानिकांना ते खाली आणता आलं नाही.

आता तुझी बाईक

लालबागच्या मित्रा, तुझ्या मागच्या चाकाकडे येऊ. ड्रम ब्रेकच्या बऱ्याच बाईकवर दोन जागा बघायच्या.

पहिली, मागच्या आसाचा नट. तो कॅसल नट असेल तर पिन हवीच.

दुसरी जागा लोकांना माहीतच नसते, आणि ती जास्त धोक्याची आहे. ब्रेक दाबला की आतले लायनर ड्रमला घासतात, आणि ज्या प्लेटवर ते बसवलेत ती प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते. तिला धरून ठेवायला एक पट्टी किंवा दांडी फ्रेमकडे गेलेली असते. मेकॅनिक तिला टॉर्क रॉड म्हणतात. बऱ्याच गाड्यांत चाक काढताना हिचा नट काढावा लागतो, आणि पंक्चरच्या घाईत राहते ती याच नटाची पिन. नट गळला तर पुढच्या जोरदार ब्रेकला प्लेट फिरते, ब्रेकचा दांडा वाकतो आणि चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं. लालबागच्या उड्डाणपुलावर, मागून बस येत असताना, हे व्हायला नको.

म्हणजे पंक्चरवाल्याचं "चालतं" हे त्या दिवसापुरतं खरंच होतं. पिन नसतानाही गाडी अगदी तशीच चालते. फरक पडतो तो नट सुटेल त्या दिवशी.

तर, गाडी सर्व्हिसिंगहून किंवा पंक्चर काढून आली की एवढं बघा:

१. रिकामं भोक शोधा. बोल्टच्या टोकाला आरपार भोक आहे किंवा नटाला खाचा आहेत, आणि त्यात काहीच नाही, तर तिथली पिन गेलेली आहे. नटाच्या आत नायलॉनची कडी दिसत असेल आणि बोल्टला भोक नसेल, तर तिथे पिनेची गरज नाही. तो दुसऱ्या प्रकारचा लॉक आहे.

२. जुनी पिन सरळ करून परत घालू देऊ नका. तार एकदा वाकवून सरळ केली की वळणापाशी कडक होते आणि तडकते. नवी पिन कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते.

३. खिळा किंवा केबलची तार चालणार नाही. खिळा सरळ असतो, हादऱ्यानं निघून जातो. बारीक तार खाचेच्या धारेवर कापली जाते.

४. भोक आणि खाच जुळत नसेल तर नट ढिला करून जुळवायचा नाही. आणखी थोडा आवळून पुढची खाच आणायची. खाचा सहा असल्यामुळे फार फार तर एक षष्ठांश फेरा. चाकाच्या बेअरिंगच्या नटासाठी मात्र मॅन्युअल सांगेल तसंच.

५. पाय नीट वळवलेत का बघा. एक बोल्टच्या टोकावर, दुसरा नटाच्या अंगाला चिकटून. बाहेर लोंबणारे पाय कपड्यात अडकतात आणि बोटंही कापतात.

६. गाडी चौपाटीजवळ किंवा वरळीला समुद्राच्या वाऱ्यात उभी राहत असेल, तर पावसाळ्यानंतर एकदा पिना बघा. गंजलेली पिन हात लावताच तुटत असेल, तर ती राखण कसली करणार!

मोबाइलचा टॉर्च लावून हे सगळं दोन मिनिटांत होतं. आणि मेकॅनिकशी वाद घालायची गरज नाही. "काका, इथली स्प्लिट पिन नवीन टाका ना" एवढं म्हटलं की पुरतं. नाव बरोबर घेतलं की समोरचाही ओळखतो की पोराला कळतंय.

आजच्या भागासाठी एवढंच. तुमच्या गाडीत, गिरणीतल्या आजोबांच्या पेटीत किंवा वर्कशॉपच्या कपाटात एखादा वेगळा कॉटर सापडला तर फोटो नक्की पाठवा. आणि ज्या मित्राची गाडी कालच पंक्चर काढून आलीय, त्याला हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!